सोलापूरच्या मुलीला हॉकीत भारतापर्यंत जायचं असेल तर

एका वडिलांनी विचारलंय. मुलगी २०१३ ची, शाळेच्या संघात सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीत मधोमध, खेळते, जिल्हा स्पर्धेत तिचं नाव झालंय. वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी शिलाई करते. त्यांचं म्हणणं असं : ‘सर, हॉकीत पुढं काय असतं ओ? भारताकडून खेळायचं म्हणजे नेमकं कुठनं कुठं जायचं? पैसा किती लागतो, शिक्षणाचं काय, आणि आता स्टिक कुठली घ्यायची? तिची आई तर म्हणते, पोरीला लांब ठेवायचंच नाही.’

मालक, आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठल्या तोंडानं बोलतोय ते कळेल. मी राइट हाफ. जिल्हा, विद्यापीठ, मग एका खात्याच्या संघाकडून बारा वर्षं खेळलो. ज्युनियरच्या शिबिराला एकदा बोलावणं आलं आणि दहाव्या दिवशी ट्रंक घेऊन घरी परत. त्यानंतर सत्तावीस वर्षं पोरापोरींना शिकवतोय. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी भारताच्या सीनियर संघाचा शर्ट अजून कुणाच्या अंगावर चढलेला नाही. दोघी ज्युनियर शिबिरापर्यंत गेल्या. नोकऱ्या मात्र बऱ्याच जणांना लागल्या, त्यात बिडी वळणाऱ्या आयांच्या पोरी जास्त. तेव्हा मी सांगतोय ते पोचलेल्याचं नाही, दारापर्यंत जाऊन आलेल्याचं आहे. दार कुठं अडतं हे अशा माणसाला जरा जास्त ठाऊक असतं.

ते अडतं मैदानावर. आपल्याकडची पोरं मुरमावर शिकतात. मुरमावर चेंडू सरळ येत नाही. कधी गुडघ्याला लागतो, कधी स्टिकवरून उडतो. त्यामुळे आपली पोरं ताठ उभी राहतात, चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत बघतात आणि मग थांबवतात. हात मऊ होतो, नजर पक्की होते, हे खरं. पण टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पाणी मारलेलं असतं, चेंडू जमिनीला चिकटून सूं करून येतो. तिथं थांबून ट्रॅप करायला वेळच नसतो. धावता धावता, कमरेत वाकून, स्टिक जवळजवळ आडवी टाकून तो घ्यायचा आणि त्याच हालचालीत पुढं काढायचा. मी पहिल्यांदा टर्फवर पाय ठेवला तो अठराव्या वर्षी, त्या शिबिरातच. पहिल्या सकाळी चार चेंडू माझ्या स्टिकखालून गेले. दहाव्या दिवशी प्रशिक्षक एवढंच म्हणाले, ‘बेटा, हाथ अच्छा है, कमर नहीं झुकती.’ अठराव्या वर्षी कंबर नवीन शिकत नाही हो.

देशाचंही हेच झालं होतं. १९२८ पासून १९५६ पर्यंत आपण ऑलिम्पिकची ओळीनं सहा सुवर्णं घेतली, १९६४ ला सातवं. १९७५ ला क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ नं हरवून विश्वचषक आणला. आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली, तिथं आपण सातवे. एका वर्षात खेळाडूंचे हात काही बिघडले नव्हते. पायाखालची जमीन बदलली आणि आपल्याकडं सरावाला तसली जमीन नव्हती. १९८० ला मॉस्कोत आठवं सुवर्ण मिळालं, पण त्यानंतरचं पदक थेट टोकियोत, एक्केचाळीस वर्षांनी. १९७६ साली देशाचं जे झालं, ते मुरमावर शिकलेल्या प्रत्येक पोराचं पंधराव्या-सोळाव्या वर्षी होतं. फक्त त्याची बातमी होत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एका वाक्यात मागाल, तर मुलीला चौदाव्या वर्षाच्या आत रोज टर्फ मिळालं पाहिजे. महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन सामना खेळून आलं, असं नाही. रोज. म्हणजे घर सोडणं आलं. तिच्या आईचा विरोध आहे तो नेमका यालाच, आणि त्यावर मी शेवटी बोलतो.

घर सोडून जायचं कुठं, तर राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी. निवासी असते. राहणं, जेवण, शाळा, किट सगळं तिकडून. प्रवेशाच्या दोन वाटा आहेत. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत चमकलेल्यांना सरळ प्रवेश मिळतो, नाहीतर कौशल्य चाचणी द्यायची. लहान मुलांची निवड करताना उंची, वजन, ३० मीटर धावणं, शटल रन, मेडिसिन बॉल फेकणं, जागेवरून उंच उडी, ८०० मीटर असल्या चाचण्या घेतात. यात हॉकी कुठंच नाही, हे बघून आपली पोरं गोंधळतात. वर्षभर डॉज (चकवा) शिकलेली पोरगी ८०० मीटरला मागं राहते आणि रडत येते. तेव्हा आजपासून धावणं सुरू करा. चाचण्यांची सूचना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लागते. ती शाळेत पोचेपर्यंत तारीख टळलेली असते, हे मी तीनदा अनुभवलंय. स्वतः जाऊन विचारत जा.

फार लांबचं उदाहरण नको. आपल्या माळशिरस तालुक्याला लागून फलटण. त्या तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके. पुण्याच्या प्रबोधिनीत घडली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. आसू काही हॉकीचं माहेरघर नाही. तिथंही ऊस आणि माती आपल्यासारखीच. फरक एवढाच, ती वेळेत टर्फवर पोचली. धनराज पिल्लेंचंही बघा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मातीवर, मोडक्या स्टिकांवर शिकले आणि कोवळ्या वयातच थोरल्या भावाकडं मुंबईला गेले. पुढं चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण त्यांच्या नेतृत्वाखालचं.

आता शिडी. शाळेकडून एक वाट जाते : जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा, आणि त्याच जोडीला नेहरू चषक ही शाळांची हॉकी स्पर्धा. आपला विभाग पुणे, म्हणजे विभागीय फेरीतच पुण्याच्या टर्फवाल्या संघांशी गाठ. तिथं सहा-सात गोल खाऊन परत आलेले संघ मी पुष्कळ बघितलेत, माझेच. दुसरी वाट संघटनेची : हॉकी महाराष्ट्र या राज्य संघटनेच्या निवड चाचणीतून राज्याचा सब-ज्युनियर, पुढं ज्युनियर संघ आणि हॉकी इंडिया या देशाच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धा. राष्ट्रीय निवड समितीची नजर मुख्यतः या दुसऱ्या वाटेवर असते. पुष्कळ पालक शालेय प्रमाणपत्रांची फाइल जाड करत बसतात आणि या चाचणीची तारीख त्यांना माहीतच नसते. दोन्हीकडं खेळवा.

संघटनेच्या वाटेला हॉकी इंडियाची नोंदणी आणि ओळखपत्र लागतं. त्यासाठी जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला तिन्हीवर नाव आणि तारीख एकसारखी पाहिजे. माझ्याकडं एक गोलकीपर होती, घरी तेलुगू बोलणारी, साखर पेठेतली. दाखल्यावर आडनाव एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या प्रकारे. दुरुस्तीला चार महिने गेले आणि त्या वर्षीची सब-ज्युनियर हुकली. पुढच्या वर्षी ती वयातून बाहेर. चूक माझीही होती, कागद आधी तपासायला हवे होते. आणि कुणी वय दोन वर्षं कमी करून देतो म्हणाला तर दारातूनच वाटेला लावा. हाडांची तपासणी होते, आणि पकडलं गेलं की पोरीची कारकीर्द तिथंच बुडते. वय कमी करून देणारा मात्र पुढच्या गिऱ्हाइकाकडं गेलेला असतो.

राष्ट्रीय स्पर्धेत नाव झालं की ज्युनियर शिबिर, मग सीनियर शिबिर. सीनियरचं मुख्य ठिकाण बंगळुरूचं साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्र. तिथं तीसेक जणी महिनोनमहिने राहतात आणि त्यातल्या १८ विश्वचषकाला जातात. ऑलिम्पिकला तर १६ च. देशभरातून १६, त्यात गोलकीपरची जागाही धरलेली. शिबिरात राहून वर्षानुवर्षं त्या अठरा जणींत न येणाऱ्याही असतात. त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं, पण खेळ तोच असतो. माणूस सगळ्यात जास्त तिथं तुटतो, चुकल्यावर नाही, थोडक्यात राहिल्यावर.

वयाचा हिशेब करा. २०३२ ला ब्रिस्बेनचं ऑलिम्पिक, तेव्हा तुमची मुलगी १९ ची. २०३६ ला २३ ची. खरा काळ तो दुसराच. राणी रामपालनं चौदाव्या वर्षी भारताचा शर्ट घातला, पंधराव्या वर्षी २०१० चा विश्वचषक खेळली, हे खरं. पण राणी एखादीच. (आणि ती हरियाणातल्या शाहाबादची. आपल्या फरशीचं शहाबाद वेगळं. माझ्या पोरींना वर्षभर वाटत होतं ती वाडी जंक्शनजवळची आहे!) बाकीच्या मुली विशी-बाविशीत स्थिरावतात आणि तिशीच्या आसपास थांबतात. वंदना कटारिया ३२० सामने खेळली, गोलकीपर श्रीजेश छत्तिसाव्या वर्षी पॅरिसचं कांस्य घेऊन थांबले. एवढं लांब खेळायला शरीर जपावं लागतं. आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव असतात आणि बदली खेळाडूंची ये-जा सारखी चालू. त्यामुळे मैदानात असताना दमानं घ्यायची सोय राहिली नाही, पाच-सहा मिनिटं जीव तोडून धावायचं, बाहेर यायचं, परत जायचं. आमच्या वेळी पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव असत आणि सेंटर हाफला मधे मधे श्वास घेता यायचा.

वाकून खेळण्यानं कंबर जाते, वळण्यानं गुडघा. माझ्या एका चांगल्या पोरीचा गुडघ्याचा लिगामेंट सतराव्या वर्षी तुटला. घरच्यांनी आधी हाड बसवणाऱ्याकडं नेलं, तेल लावलं, सहा महिने गेले. नंतर शस्त्रक्रिया झाली, पण वेग परत आला नाही. गुडघा सुजला की त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं. यात माझं ऐकाच. आणि आपल्या उन्हाचं काय सांगायचं. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत मी कुणाला मैदानात उतरवत नाही. पोरींनी पाणी कमी पिऊ नये म्हणून आधी शेजारच्या शाळेचं स्वच्छतागृह उघडं ठेवायची सोय केली. हे लिहायला लाज वाटते, पण मुली पाणी का पीत नाहीत हे कळायला मला तीन वर्षं लागली.

पैशाचं. क्रिकेटचं गणित डोक्यातून काढा. हॉकीत पोट भरतं ते नोकरीवर. रेल्वे सगळ्यात मोठी, आणि महिला हॉकीत तर तिचा संघ जबरदस्त. त्याशिवाय तेल कंपन्या, बँका, पोलीस, निमलष्करी दलं. भारताकडून न खेळताही, राष्ट्रीय स्पर्धेतल्या चांगल्या कामगिरीवर खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागता येतं. राज्य सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि कुणीतरी भरवलेल्या कुठल्याही ‘राष्ट्रीय’ स्पर्धेचं प्रमाणपत्र तिथं चालत नाही. तीन हजार रुपये भरून परराज्यात खेळायला नेतो म्हणणारे येतात. आधी विचारा, स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर वर्षाला १ लाख २० हजार रुपये, म्हणजे महिना दहा हजार, खर्चाला मिळतात. प्रशिक्षणाचा खर्च वेगळा, तो सरकारचा.

त्यावरचा पैसा आहे, पण तो थोड्यांना. हॉकी इंडिया लीग २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली आणि पहिल्यांदाच मुलींचीही भरली, चार संघांची. लिलावात पुरुषांत हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले, मुलींत सगळ्यात जास्त उदिताला ३२ लाख. आकडे बघून हुरळू नका आणि नाकही मुरडू नका. पाच वर्षांपूर्वी मुलींसाठी हा आकडा शून्य होता.

खर्चाचं म्हणाल तर प्रबोधिनीत निवड होईपर्यंतची वर्षं तुमच्या खिशातली. स्टिक, शिनगार्ड, दातांचं गार्ड, बूट. बूट लवकर झिजतात, मुरूम खातो त्यांना. जाण्यायेण्याचं भाडं स्टिकपेक्षा जास्त होतं. मुलगी गोलकीपर नाही, हे तुमच्या खिशाचं नशीब समजा. गोलीचं किट एका घराला पेलत नाही, शाळेनं घ्यावं लागतं. खुराकाच्या डब्यांवर मात्र एक रुपया घालू नका. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, अंडी, दूध, डाळ पुरेसं आहे. शेंगाचटणी-भाकरीवर मी बारा वर्षं खेळलो.

शिक्षण सोडायचं नाही. विरेन रस्किन्हा भारताचा कर्णधार होता, लवकर थांबला, हैदराबादला जाऊन व्यवस्थापन शिकला आणि आता ऑलिम्पिकच्या खेळाडूंना मदत करणारी संस्था चालवतो. एवढं नाही तरी बारावी आणि पदवी पाहिजेच, कारण रेल्वेतसुद्धा कुठल्या पदावर घेतात ते शिक्षणावरही ठरतं. माझ्या बरोबरीचा एकजण, माझ्यापेक्षा पुष्कळ सरस फॉरवर्ड, दहावी नापास. शिपाई म्हणून लागला, शिपाई म्हणून निवृत्त झाला.

आता तिच्या आईचं. वहिनींना सांगा, त्यांची भीती खोटी नाही. घर सोडलेल्या पोरी पहिल्या दोन महिन्यांत फोनवर रडतात, जवळजवळ सगळ्याच. त्यातली एखादी परत येते, आणि परत आली तर टोमणा मारायचा नाही. प्रवेश घेण्याआधी वहिनींनी स्वतः वसतिगृह बघून यावं. मुलींच्या इमारतीत बाई अधीक्षक रात्री मुक्कामाला असते का, दुखापत झाली तर कोण नेतं, घरी फोन केव्हा करता येतो, तक्रार कुणाकडं करायची, हे चार प्रश्न तोंडावर विचारावेत. विचारल्यावर जे चिडतात तिथं पोरगी ठेवू नये. माझ्याकडच्या एका मुलीच्या आईनं तर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा डबा उघडून बघितला होता. मला तेव्हा अवघडल्यासारखं झालं. पोरगी सहा वर्षं तिथं राहिली आणि आज पोलिसात आहे.

आणि नाहीच पाठवायचं ठरलं, तरी हॉकी बंद करू नका. जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून खेळेल, नोकरीला उपयोग होईल. फक्त मग भारताचं नाव तिच्यासमोर रोज काढू नका. पाठवायचं नाही आणि स्वप्न मात्र दाखवायचं, हे पोरीवर अन्याय करणारं आहे.

तोपर्यंत सोलापुरात काय करता येईल? कंबर. शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी असेल तर तीच तुमचं टर्फ. चेंडू तिथं सपाट आणि वेगानं येतो. रोज अर्धा तास, गुडघे वाकवून, डावा हात वर घट्ट, उजवा खाली सैल, भिंतीवर पुश (स्टिक न उचलता चेंडू ढकलणं) मारून परतीचा चेंडू चालता चालता घ्यायचा. दोनशे उजवीकडून, दोनशे रिव्हर्सनं, म्हणजे स्टिक उलटी फिरवून डावीकडून. हिट, म्हणजे स्टिक मागं उचलून जोराचा फटका, अजिबात मारायची नाही. काचा फुटतील आणि सवय पण बिघडेल. आठवड्यातून तीन दिवस धावणं. बास.

स्टिक : उभी धरली की कंबरेच्या हाडापर्यंत यावी. तिच्या वयाला ३४ किंवा ३५ इंची. मोठ्यांची साडेछत्तीस इंची ‘वाढीव मापाची’ म्हणून घेऊ नका, फ्रॉक नाही तो. लांब स्टिकनं पोरगी ताठ उभी राहायला शिकते, आणि तेच तर मोडायचंय. महागडी पूर्ण कार्बनची आत्ता नको, तिच्यावरून चेंडू उडतो. जालंधरची साधी कंपोझिट पुरे. आणि खरं तर विकत घेऊच नका. माझ्याकडं एक ३४ इंची पडून आहे, ग्रिप तेवढी बदलावी लागेल. रविवारी सकाळी सहाला मुलीला घेऊन मैदानावर या. वहिनींनाही आणा.